जुन्या डीव्हीडी, नव्या प्रती

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, पाताळगंगेच्या खोऱ्यात, आपटा नावाचे छोटे स्टेशन आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटातला सुटत्या गाडीचा शेवटचा प्रसंग इथे चित्रित झाला. चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या इलेक्ट्रॉनिक कंपन्यांचे डीव्हीडी या नव्या तबकडीच्या स्वरूपावर एकमत झाले. त्या प्रसंगाच्या जतनाची काळजी आपट्यातल्या कोणी करण्याची गरज नाही. मूळ फिल्म निर्मात्यांकडे आहे, प्रती जगभर आहेत, एखादी डीव्हीडी खराब झाली तर दुसरी मिळेल. पण २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत याच गावात आणि पंचक्रोशीत झालेली लग्ने, हळदी, पालख्या, गौरीचे नाच, शाळांची स्नेहसंमेलने आणि हौशी नाटके यांचे जे चित्रण झाले, ते कुठे आहे? ते कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या खिशात, एकेका डीव्हीडीवर आहे. बहुतेकांची दुसरी प्रत नाही. शूटिंगवाल्याने काम संपल्यावर मूळ टेप पुन्हा वापरली किंवा हार्ड डिस्क रिकामी केली. म्हणजे आपट्याचे जगाला दिसणारे चित्र सुरक्षित आहे आणि आपट्याच्या माणसांनी स्वतःसाठी काढून घेतलेले चित्र धोक्यात आहे. लिनक्स संगणकावर डीव्हीडीची प्रत कशी काढावी आणि कोरी डीव्हीडी कशी राईट करावी, हे सांगणारे प्रस्तुत पुस्तक मराठीत आज का हवे, याचे उत्तर या विषमतेत आहे.

घरगुती डीव्हीडी म्हणजे कौटुंबिक हौस, असे मानून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मला ती समजूत चुकीची वाटते. पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यातल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. लग्नाचे विधी तिच्या गाण्याच्या आधाराने पुढे सरकतात आणि ही गाणी मुख्यतः तोंडी परंपरेने आलेली आहेत. धवलारिणी आता थोड्या उरल्या आहेत. त्यांचे गाणे प्रत्यक्ष विधीच्या वेळी, त्यांच्या आवाजात, मांडवातल्या गोंगाटासकट ज्या चित्रणात सापडते, ते बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या डीव्हीडीतच. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला बैठकीत मुद्दाम गाऊन घेतलेल्या ध्वनिमुद्रणापेक्षा हे अधिक मोलाचे वाटेल. दुसरे उदाहरण पनवेल तालुक्यातले आहे. नवी मुंबई विमानतळासाठी कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली अशा दहा गावांना आपल्या जागेवरून उठावे लागले, उलव्याची टेकडी कापून सपाट झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ती घरे, त्या गल्ल्या, देवळासमोरचे ते अंगण आता नकाशावरही नाही. वरातीच्या मागे कॅमेरा धरून चाललेल्या शूटिंगवाल्याने त्या गल्लीची जी लांबी टिपली, तेवढेच त्या गल्लीचे हलते चित्र उरले असण्याची शक्यता मोठी आहे. शासनाकडे जमिनीचे मोजमाप आहे; गल्लीतून चालताना काय दिसत होते, ते मात्र या तबकड्यांवरच सापडेल.

आता या तबकडीच्या स्वभावाकडे पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दुकानातून विकत आणलेली चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात छापलेली असते. तिच्यातले खड्डे प्लास्टिकमध्येच ठसलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत राईट केलेली डीव्हीडी दिसायला तशीच, पण वेगळी असते. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरने तो जागोजाग जाळून माहिती लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा या थराला सोसत नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या तबकडीचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. त्यात तबकडीवर वधूवरांच्या फोटोचा गुळगुळीत स्टिकर चिकटवायची आपल्याकडे पद्धत होती. तो स्टिकर एका कडेने सुटला की तबकडी तोल सोडून फिरते आणि ड्राइव्हला ती वाचता येत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. साखरपुडा आतल्या वर्तुळात, मंगलाष्टके मधे आणि पाठवणी बाहेरच्या कडेजवळ. बोटांचे ठसे, चरे, थर सुटणे हे सगळे बहुधा कडेपासून सुरू होते. त्यामुळे पुष्कळ लग्नांच्या डीव्हीडी शेवटच्या वीस मिनिटांत अडकतात.

त्याहून फसवी बाब म्हणजे तबकडी बिघडत असल्याची चाहूल आपल्याला लागत नाही. डीव्हीडीवर माहिती २०४८ बाइटच्या सेक्टरांत असते. असे सोळा सेक्टर मिळून एक गठ्ठा होतो आणि त्या गठ्ठ्यासोबत चुका दुरुस्त करणारी जादा माहिती लिहिलेली असते. थर खराब होऊ लागला तरी ड्राइव्ह ही जादा माहिती वापरून मूळ मजकूर गणिताने परत मिळवतो आणि पडद्यावर चित्र स्वच्छ दिसते. चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की मात्र तो गठ्ठा एकदम हातचा जातो. 'गेल्या वर्षीपर्यंत चालत होती' हे वाक्य म्हणूनच इतक्या वेळा ऐकू येते, आणि ते खरे असते. अशा वस्तूला कितीही मऊ पाकिटात ठेवले तरी तिचे आयुष्य थोडेसेच वाढते. मजकूर वाचवायचा तर तो वाचता येत असतानाच दुसरीकडे उतरवून घेणे, एवढा एकच मार्ग उरतो.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. आपले जुने वाङ्मय ताडपत्राच्या किंवा कागदाच्या टिकाऊपणाने आपल्यापर्यंत आलेले नाही. ते नकलांमधून आले. ज्ञानेश्वरी लिहिली गेली आणि पुढची तीन शतके हातोहात तिच्या नकला होत राहिल्या. नकलांमध्ये अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. नक्कल करणे आणि नक्कल ताडून पाहणे ही जतनाची दोन अंगे आहेत, आणि संगणकावरच्या कामालाही तीच लागू पडतात. प्रत काढली म्हणजे काम अर्धे झाले. मूळ आणि प्रत यांची बाइटनिहाय बेरीज, म्हणजे चेकसम, जुळला की उरलेले अर्धे झाले. या पुस्तकात पडताळणीला प्रत काढण्याइतकीच जागा दिली आहे, ती मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

लिनक्सवरच्या या साधनांचा इतिहास तीस वर्षांचा आहे आणि तो तंट्यांनी भरलेला आहे. १९९०च्या दशकात एरिक यंगडेल यांचा एमकेआयएसओएफएस हा प्रोग्राम फायलींपासून डिस्कची प्रतिमा बांधत असे आणि जर्मनीच्या योर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड ती प्रतिमा कोऱ्या तबकडीवर लिहीत असे. दोन्ही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचे. पुढे डीव्हीडी राइटर स्वस्त झाले तेव्हा अँडी पॉल्याकॉव्ह यांच्या ग्रोआयएसओएफएसने डीव्हीडी लिहिण्याची वाट सोपी केली. २००६ मध्ये शिलिंग यांनी आपल्या बऱ्याचशा कामाचा परवाना बदलला. डेबियन या लिनक्स वितरणाच्या मंडळींना तो जुन्या परवान्याशी विसंगत वाटला आणि त्यांनी जुन्या आवृत्तीतून सीडीआरकिट ही वेगळी शाखा काढली. शिलिंग यांना ते कधीच मान्य झाले नाही. या भांडणात दोन्ही बाजूंना पटणारे मुद्दे आहेत, पण सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच: मूळ मजकूर खुला असल्यामुळे एका माणसाच्या निर्णयाने साधन बंद पडले नाही. पुढे थॉमस श्मिट यांच्या झोरिसोने तेच काम नव्याने, स्वच्छ पायावर उभे केले. दरम्यान सेबास्टियन ट्रुएग यांचा केथ्रीबी आणि नोम डेस्कटॉपचा ब्रासेरो यांनी माउसने ओढून, बटण दाबून डिस्क राईट करायची सोय दिली. ही बटणे खालच्या थरात त्या जुन्या आज्ञावलींनाच हाका मारतात, हे ध्यानात आले की निम्मी भीती जाते.

प्रत काढण्याच्या बाबतीत तीन मते आहेत आणि जाणकारांचे त्यावर एकमत नाही. पहिले मत असे की तबकडी जशी आहे तशी, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, एका आयएसओ फाइलमध्ये उतरवावी. दुसरे मत म्हणते की तबकडीवरच्या व्हिडिओच्या फोल्डरमधल्या फायली तेवढ्या उचलाव्यात; डीव्हीडीबॅकअप किंवा व्हॉबकॉपी हे काम करतात. तिसरे मत व्यवहारी आहे: हँडब्रेक किंवा एफएफएमपेगने चित्रण नव्या, आटोपशीर स्वरूपात बदलावे, म्हणजे मोबाइलवर लगेच दिसेल. माझा कौल निःसंशय पहिल्या मताला आहे. रूपांतरात चित्र पुन्हा एकदा दाबले जाते आणि जे गळते ते परत येत नाही. भरलेल्या साध्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट असतात; आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा किरकोळ आहे. आधी जशीच्या तशी प्रत घ्यावी, मग तिच्यापासून मोबाइलसाठी हवी तेवढी रूपांतरे करावीत. उलट क्रम घेतला तर दहा वर्षांनी पस्तावायची वेळ येते.

चरे पडलेल्या तबकडीसाठी अंतोनियो दियाझ यांचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आहे आणि तो कसा विचार करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. साधा कॉपी करणारा प्रोग्राम पहिल्या खराब सेक्टरला अडतो, ड्राइव्ह घरघरत राहतो आणि अखेर सगळेच सोडून दिले जाते. डीडीरेस्क्यू अडला की ती जागा नोंदवून पुढे उडी घेतो. आधी चांगले ते सगळे पदरात पाडून घेतो, मग मागे येऊन खराब तुकड्यांच्या कडा कुरतडत आत शिरतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला, याची नोंद तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. या नोंदीमुळे एक मोठी सोय होते. तीच तबकडी दुसऱ्या संगणकात, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून काम तिथून पुढे चालू करता येते. एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसऱ्याला अनेकदा वाचता येतो. गावातल्या तीन घरांत तीन जुने संगणक असतील तर ते तीन वेगवेगळे डोळे आहेत. त्याआधी तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल नव्हे. इतकी साधी गोष्टही कित्येक पाठवण्या वाचवते.

या पुस्तकावर पहिला आक्षेप चोरीचा घेतला जाईल आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आपल्याकडे प्रत काढलेली डीव्हीडी म्हटले की रेल्वे स्टेशनबाहेरच्या पथारीवरचे नवे चित्रपट आठवतात. त्या धंद्याने मराठी निर्मात्यांचे खरोखर नुकसान केले. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरेट्सचाही समावेश केला, इतकी ती बाब गंभीर होती. पण त्या पार्श्वभूमीमुळे प्रत काढण्याची कृतीच गुन्ह्याची वाटू लागली, हे दुसरे नुकसान. कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणी आपल्यासाठी चित्रण करून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्रणाचा पहिला मालक ते करून घेणारा असतो. म्हणजे लग्नाची डीव्हीडी ज्याने पैसे मोजले त्याची. तिच्यावर कोणतेही कुलूपही नसते. तिची प्रत काढताना मनात किंतु ठेवण्याचे कारण नाही. शूटिंगवाल्याने वरातीवर चढवलेले चित्रपटगीत मात्र दुसऱ्याचे आहे, म्हणून ती प्रत घरापुरती ठेवावी आणि यूट्यूबवर टाकण्याआधी विचार करावा.

विकत घेतलेल्या चित्रपटांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांतल्या पुष्कळ डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कुलूप आणि प्रदेशाचा क्रमांक असतो. भारताचा क्रमांक ५. कुलपाची चावी फक्त परवाना घेतलेल्या कंपन्यांना मिळत असे आणि लिनक्ससाठी तसा प्लेअर नव्हता. म्हणजे दुकानातून रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर नुसती पाहणेही शक्य नव्हते. १९९९ मध्ये नॉर्वेच्या योन योहानसेन या किशोरवयीन मुलाच्या नावाने डीसीएसएस हा प्रोग्राम बाहेर आला. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यांना त्यात शिक्षा आहे, पण कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप ओलांडण्याला हे कलम आडवे येत नाही. फक्त दुसऱ्यासाठी ते करून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे. खासगी वापरासाठीचा उचित व्यवहार कलम ५२ मान्य करते. ही माझी समजूत आहे, वकिलाचा सल्ला नव्हे. पुस्तकाने मात्र सगळे सराव घरगुती चित्रणावर बेतले आहेत आणि कुलपाची माहिती समजण्यापुरती दिली आहे. माझ्या मते ही मर्यादा योग्य आहे, कारण खरी निकड तिथेच आहे. विकत मिळणाऱ्या चित्रपटाला वाली आहे.

दुसरा आक्षेप असा की डीव्हीडीच अस्ताला गेली असताना हा खटाटोप कशाला. मोझर बेअरने २००७च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घराघरांत तबकड्या पोचवल्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये डीव्हीडी टपालाने पाठवणे थांबवले. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच घाई आहे. वाचणारे यंत्र जाण्याआधी वाचून घेतले पाहिजे. ज्या जुन्या डेस्कटॉपमध्ये डीव्हीडी राइटर आहे, त्यांतल्या बहुतेकांवर विंडोज १० किंवा त्याहून जुनी आवृत्ती आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि हे संगणक भंगारात निघू लागले. भंगारात जाणारा प्रत्येक संगणक सोबत एक चालू ड्राइव्ह घेऊन जातो. अशा यंत्रावर हलके लिनक्स चढवले तर ते पुढची काही वर्षे याच कामासाठी उपयोगी पडते, आणि सॉफ्टवेअरसाठी एक रुपया द्यावा लागत नाही. नव्या डीव्हीडीवर प्रत राईट करण्यालाही अर्थ आहे. हार्ड डिस्क एका धक्क्यात जाते, क्लाउडचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात. दोन वेगळ्या हार्ड डिस्क आणि एक चांगल्या प्रतीची, कमी वेगाने राईट केलेली डीव्हीडी, आणि यांपैकी एक वस्तू दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे, अशी पुस्तकाची शिफारस आहे. २६ जुलै २००५चा पूर आणि ३ जून २०२०चे निसर्ग चक्रीवादळ पाहिलेल्या रायगड जिल्ह्यात 'दुसऱ्या गावी' हा शब्द महत्त्वाचा आहे.

लिनक्स अवघड आहे, हा तिसरा आक्षेप. त्यात सवयीचा भाग मोठा आहे. महाराष्ट्रात एका पिढीने संगणक एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकला. तिथे विंडोज होते, म्हणून संगणक म्हणजे विंडोज झाले. पण रायगड जिल्ह्याचाच दाखला घ्या. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाची यंत्रे आली, ती लिनक्सवर चालणारी होती आणि शाळकरी मुलांनी ती हाताळली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत. शिवाय लिनक्स आपल्याकडे आले तेच मुळी तबकड्यांवरून. 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडी, २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्स वितरणाने जगभर फुकट टपालाने पाठवलेल्या सीडी, आणि पुण्या-मुंबईच्या लिनक्स गटांतल्या सदस्यांनी एकमेकांना राईट करून दिलेल्या डिस्क. इंटरनेट मंद आणि महाग असताना हाच रस्ता होता. त्या प्रत्येक प्रतीला परवान्याची संमती होती. प्रत काढा आणि शेजाऱ्याला द्या, असे तो परवानाच सांगतो. तबकडीची नक्कल हे सन्मानाने, उघडपणे करायचे काम असू शकते, हे या गटांनी आपल्या इथे करून दाखवले आहे.

हे पुस्तक कुणासाठी आहे, हेही सांगायला हवे. तंत्रज्ञाला यातले बरेचसे ठाऊक असेल. ते लिहिले आहे गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी, शाळेतल्या संगणकाच्या शिक्षकासाठी, जुन्या गिऱ्हाइकांच्या डीव्हीडी अजून सांभाळून असलेल्या फोटो स्टुडिओवाल्यासाठी, नाट्यमंडळाच्या सचिवासाठी आणि घरातल्या त्या एका मुलीसाठी किंवा सुनेसाठी जिच्याकडे सगळे 'हे बघ गं, चालत नाही' म्हणून वस्तू आणून देतात. आज्ञा आणि बटणे दोन्ही दिली आहेत, पण भर कारणांवर आहे: ही पायरी का, ती चुकली तर काय जाईल. नव्या आवृत्त्यांत बटणांच्या जागा बदलतील, कारणे बदलणार नाहीत. अर्धवट राहिलेल्या, म्हणजे कॅमेऱ्यात फायनलाइज न केलेल्या छोट्या डिस्कचा भाग मला थोडा त्रोटक वाटला. पुढच्या आवृत्तीत तो वाढवावा, कारण हँडीकॅमच्या जमान्यातल्या अशा डिस्क घरोघरी पडून आहेत.

वाचकाला एक विनंती आहे. सुरुवात आवडत्या चित्रपटापासून करू नका. घरातली हाताने नाव लिहिलेली सर्वांत जुनी डीव्हीडी काढा, कडेला धरून उजेडात पाहा, आधी तिची आयएसओ प्रत घ्या आणि चेकसम जुळल्यावरच ती पुन्हा पाकिटात ठेवा. मग शेजारच्या घरी विचारा.